गायक येतच आहेत

मी संगीत पत्रकार आहे असे सांगितले की समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर जो हेवा उमटतो, तो मी अलीकडे निमूटपणे पदरात घेतो. खुलासा करण्याचे मी सोडून दिले आहे. लोकांची अशी ठाम समजूत असते की जगप्रसिद्ध रॉक बँडमधील मंडळी आणि मी पहाटेपर्यंत गप्पा छाटत बसतो, मधूनच कोणीतरी गिटार उचलतो, अप्रकाशित गाण्याची एखादी ओळ गुणगुणतो आणि “हे अजून कोणाला सांगू नकोस” असे मला बजावतो. वस्तुस्थिती एवढीच आहे की ज्या बँडवर मी उमेदीची वर्षे खर्ची घातली, त्याच्या गायकाच्या चेहऱ्यापेक्षा तो ज्या मजल्यावर उतरतो तेथील गालिच्याची नक्षी मला अधिक बारकाईने ठाऊक आहे. बँडचे नाव मी येथे घेणार नाही. ते घेतले तर पुढच्या दौऱ्यात मला मिळणारी वीस मिनिटे बारावर येतील, आणि बारा मिनिटांत गायकाचा काळा चष्मासुद्धा नीट पाहून होत नाही.

या वीस मिनिटांचे गणित जरा समजून घ्यावे लागेल. नवा अल्बम येण्याच्या सुमारास बँडचे प्रसिद्धी खाते एखाद्या हॉटेलचा अख्खा मजला ताब्यात घेते, एकेका खोलीत एकेका सदस्याला बसवते आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत पत्रकारांना आत सोडण्याचे व बाहेर काढण्याचे काम अव्याहत चालू ठेवते. कॉरिडॉरमध्ये खुर्च्यांची रांग असते आणि तिच्यावर आम्ही दातांच्या दवाखान्यात बसावे तसे बसलेलो असतो. कोणी कोणाच्या नजरेला नजर देत नाही, प्रत्येक जण दार उघडण्याची वाट पाहत असतो आणि ते उघडले की प्रत्येकाच्या पोटात गोळा येतो. हातातील प्रश्नांचा कागद जो तो छातीशी धरून बसतो. वास्तविक सगळ्यांच्या कागदांवर तेच प्रश्न असतात आणि हे सगळ्यांना ठाऊक असते, परंतु गुप्तता पाळल्याशिवाय पत्रकार असल्यासारखे वाटत नाही.

मजल्याची सूत्रे एका प्रसिद्धीप्रमुख बाईंच्या हाती असतात. या बाई अतिशय सौजन्याने वागतात, आणि त्यांच्या सौजन्यापुढे कोणतीही तक्रार टिकत नाही. दर थोड्या वेळाने त्या येतात, स्मितहास्य करतात आणि “गायक येतच आहेत” असे सांगून जातात. सुरुवातीच्या काळात हे वाक्य ऐकल्यावर मी उठून कपडे नीट करत असे, रेकॉर्डर चालू करून ठेवत असे. पुढे अनुभवाने कळले की या वाक्याचा गायकाच्या हालचालींशी काहीही संबंध नसून ते केवळ पत्रकाराच्या प्रकृतीची चौकशी करण्याची एक पद्धत आहे. गायक तेव्हा झोपलेले असू शकतात, विमानात असू शकतात, क्वचित दुसऱ्या शहरातही असू शकतात. तरीही ते येतच असतात. दरम्यान आधीच्या प्रत्येक पत्रकाराने हळूच मारलेली दोन-दोन, तीन-तीन मिनिटे माझ्या खात्यातून वजा होत राहतात, आणि आत पाऊल टाकेपर्यंत माझ्या वीस मिनिटांची जी काही शिल्लक उरते, तिच्यातून हस्तांदोलन, पाण्याचा ग्लास आणि “हा रेकॉर्डर चालू ठेवला तर चालेल ना?” एवढे उरकावे लागते.

मुलाखतीला जाण्यापूर्वी अल्बम ऐकलेला असावा, अशी माझी जुनाट समजूत आहे. परंतु अल्बम बाहेर फुटू नये म्हणून संगीत कंपन्यांनी आजवर जे उपाय योजले आहेत, ते पाहता पत्रकाराने तो ऐकावा अशी त्यांची मनापासून इच्छा असेल असे वाटत नाही. 2002 मध्ये ‘पर्ल जॅम’ हा बँड आणि गायिका टोरी अमॉस यांचे नवे अल्बम एपिक रेकॉर्ड्स या संगीत कंपनीने समीक्षकांना पाठवले, तेव्हा सीडी वॉकमनमध्ये घालून तो वॉकमन डिंकाने बंद केलेला होता आणि हेडफोनसुद्धा त्यातच चिकटवून टाकला होता. म्हणजे समीक्षकाने ऐकावे, पण ऐकण्यापलीकडे काही करू नये. आता डिंकाची गरज उरलेली नाही. आता आम्हालाच एका खोलीत बंद करतात, फोन दाराशी काढून घेतात आणि अल्बम एकदाच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न थांबता ऐकवतात. एवढ्यावर भागते असेही नाही. समोर कंपनीचा एक माणूस बसतो आणि आपण ऐकत असताना आपल्याकडे पाहतो. संगीत ऐकताना चेहऱ्याचे नेमके काय करायचे असते, हा प्रश्न मला त्या खोलीत जाईपर्यंत कधी पडला नव्हता. मान डोलवावी तर पहिल्याच गाण्यात सौदा पक्का झाल्यासारखे दिसते, न डोलवावी तर समोरचा माणूस वहीत काहीतरी टिपतो. मी मधला मार्ग म्हणून डोळे मिटून घेतो. त्यावरून पुढे कंपनीत अशी वार्ता गेली की हे गृहस्थ अल्बम ऐकताना भारावून गेले होते, आणि एका सहकाऱ्याने ती अशी पोहोचवली की हे गृहस्थ झोपले होते.

त्यानंतर ई-मेलने एक यादी येते. काय विचारू नये, याची ती यादी असते. आधीचा गिटारिस्ट का गेला, हे विचारू नये. त्या गिटारिस्टने लावलेल्या दाव्याविषयी विचारू नये. गायकाने मध्यंतरी एकट्याने काढलेला अल्बम कोणी विकत घेतला नाही, तोही विषय नको. गायकाच्या केसांविषयी काही विचारू नये. का, ते यादीत लिहिलेले नसते, पण समोर बसल्यावर दिसते. शेवटी मोठ्या मनाने असे म्हटलेले असते की बाकी काहीही मोकळेपणाने विचारावे. बाकी उरतो तो नवा अल्बम, आणि नव्या अल्बमविषयी प्रत्येक बँडचे उत्तर ठरलेले असते. “हा आमचा आजवरचा सर्वांत प्रामाणिक अल्बम आहे.” हे वाक्य मी या एकाच बँडकडून त्यांच्या प्रत्येक अल्बमच्या वेळी ऐकले आहे. त्यांचा शब्द खरा मानायचा तर पहिला अल्बम काढताना ही मंडळी किती अप्रामाणिक असतील याची कल्पना करवत नाही, आणि तोच अल्बम आजही सर्वांत जास्त खपतो.

प्रसिद्धीप्रमुखांच्या या भीतीला इतिहासाचा आधार नाही असे मात्र म्हणता येणार नाही. 4 मार्च 1966 रोजी लंडनच्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये पत्रकार मॉरीन क्लीव्ह यांचा ‘बीटल्स’ बँडच्या जॉन लेननवरील लेख आला. घरातली पुस्तके, वस्तू, गाड्या यांच्या वर्णनाच्या ओघात त्यात लेननचे एक विधान होते की आम्ही आता येशूपेक्षा अधिक लोकप्रिय आहोत. ब्रिटनमध्ये ते कोणी फारसे मनावर घेतले नाही. उन्हाळ्यात तेच विधान ‘डेटबुक’ या अमेरिकी मासिकाने पुन्हा छापले, आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात रेकॉर्डच्या होळ्या पेटल्या. ऑगस्टमध्ये शिकागोला पत्रकारांसमोर लेननला सारवासारव करावी लागली आणि त्याच महिन्याच्या 29 तारखेला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये ‘बीटल्स’ने आपला शेवटचा तिकीट लावलेला कार्यक्रम केला. दौरे थांबवण्याची कारणे आणखीही होती, पण प्रसिद्धी खात्यातील माणसाच्या दृष्टीने सरळ हिशेब असा आहे : एक पत्रकार, एक निवांत दुपार, एक वाक्य. म्हणूनच निवांत दुपार ही गोष्ट या व्यवसायातून कायमची नाहीशी झाली असून आता मुलाखतीच्या वेळी खोलीच्या कोपऱ्यात बाई स्वतः बसतात, आणि गायकाने श्वास जरा खोल घेतला तरी घड्याळाकडे पाहतात.

आणि आम्ही पत्रकार मनातल्या मनात नेमक्या त्याच एका वाक्याची आस धरून बसलेले असतो, हेही खरे. आमच्या व्यवसायातील हेव्याचा मानबिंदू म्हणजे जॉन हॅरिस. 1994 मध्ये ‘एनएमई’ या ब्रिटिश संगीत नियतकालिकासाठी त्यांनी ‘ओएसिस’ बँडच्या गॅलॅगर बंधूंची मुलाखत घेतली, दोघे भाऊ मुलाखत बाजूला ठेवून एकमेकांवरच तुटून पडले आणि तो सगळा वाद टेपवर राहिला. पुढल्या वर्षी तो टेप रेकॉर्डच्या रूपाने विक्रीला आला आणि ब्रिटनमधील खपाच्या यादीत 52 व्या क्रमांकावर पोहोचला. त्यात सूर नाही, ताल नाही, केवळ दोन भावांचे कडाक्याचे भांडण आहे. माझ्या टेपवर आजवर जे काही जमा झाले आहे ते विक्रीला काढायचे म्हटले, तर त्यात मुख्यत्वे एअर कंडिशनरची घरघर, ग्लासातील बर्फ आणि गिटारिस्टचे वाजवणे एवढाच ऐवज निघेल.

गिटारिस्टच्या वाजवण्याबद्दल जरा सविस्तर सांगितले पाहिजे. हा गृहस्थ स्वभावाने लाजाळू आहे आणि बोलताना हातांना काहीतरी उद्योग हवा म्हणून तो मुलाखतभर मांडीवर गिटार घेऊन बसतो. गिटार इलेक्ट्रिक असल्याने आणि ती कशालाही जोडलेली नसल्याने खोलीत तिचा आवाज जेमतेम ऐकू येतो. मात्र रेकॉर्डर टेबलावर अगदी तिच्याशेजारी असतो. घरी येऊन टेप लावला की ज्या क्षणी माणूस काही महत्त्वाचे सांगू लागतो, नेमक्या त्याच क्षणी त्याची बोटे रंगात येतात. “खरे सांगायचे तर त्या रात्री आम्ही सगळ्यांनी बँड मोडायचेच ठरवले होते, पण तेवढ्यात” यापुढे झणझण झणझण असे बराच वेळ चालते आणि शेवटी “म्हणून आम्ही आजही एकत्र आहोत” असे ऐकू येते. त्या मधल्या भागात काय झाले हे शोधण्यासाठी मी तो तुकडा किती वेळा ऐकला असेन याची गणती नाही. बँड का टिकला ते मला अजूनही कळलेले नाही, पण तो तुकडा मला आता वाजवता येतो.

बेसवादक बोलत नाहीत. ते दुष्ट नाहीत, उद्धटही नाहीत. प्रश्न विचारला की ते त्याचा गंभीरपणे विचार करतात, खिडकीबाहेर पाहतात, काहीतरी उमगल्यासारखी मान हलवतात, आणि आपल्याला वाटते की आता उत्तर येणार, तोच ते “हो” म्हणतात. माझा प्रश्न “तुम्ही बेसकडे कसे वळलात?” असा होता.

खरे बोलतो तो ड्रमर. त्याला कोणी काही विचारत नसल्यामुळे त्याच्याकडे सगळे शिल्लक असते. कोणते गाणे कोणाच्या घरी कसे झाले, कोणत्या रात्री कोण कोणाशी बोलत नव्हते, दुसऱ्या कडव्याचा वेग तेथे का वाढतो (त्या दिवशी त्याला लवकर घरी जायचे होते), हे सारे तो हसत हसत सांगतो. शिवाय मनगटे का दुखतात आणि त्यावर काय करावे हेही सांगतो. गायकाची वाट पाहताना मला मिळालेले बहुतेक सगळे खरे संगीतज्ञान या माणसाकडून मिळालेले आहे. परंतु संपादकांना ड्रमर चालत नाही. “मुखपृष्ठावर कोणाचा फोटो टाकू?” हा त्यांचा प्रश्न असतो, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नसते. ड्रमरचा म्हणून जो फोटो बँडने पाठवलेला आहे त्यात ड्रम आहेत, दोन हात आहेत आणि झांजेच्या मागे एक कान आहे.

एकदा हॉटेलाऐवजी साउंडचेकच्या, म्हणजे कार्यक्रमाआधी वाद्यांचा आवाज तपासण्याच्या, वेळी स्टेजजवळ बोलू, अशी मला सवलत देण्यात आली. तेथे वातावरण अधिक अनौपचारिक असते, असे बाई म्हणाल्या होत्या आणि ते शब्दशः खरे होते. अनौपचारिकता इतकी होती की मी बोलत असताना ड्रमरने पायाखालचा मोठा ड्रम तपासायला सुरुवात केली. रॉक संगीताच्या आवाजाविषयी मी पुष्कळ लिहिले होते. 31 मे 1976 रोजी लंडनमधील चार्लटनच्या फुटबॉल मैदानावर ‘द हू’ या बँडचा आवाज 32 मीटर अंतरावर 126 डेसिबल मोजला गेला, तो गिनीज बुकात नोंदवला गेला, आणि पुढे लोकांचे कान जाऊ नयेत म्हणून गिनीजने तो विक्रमाचा प्रकारच बंद केला, ही माहिती मी अनेक लेखांत दिमाखाने वापरली आहे. या साउंडचेकला मात्र मी 32 मीटरवर नव्हतो. गायक माझ्याकडे पाहून काहीतरी बोलत होते, त्यांच्या चेहऱ्यावर मी आजवर न पाहिलेली कळकळ होती, हातवारे होते, एकदा तर त्यांनी काळा चष्माही काढला. मी मान डोलवत राहिलो. पुढे टेपवर त्यातले अक्षरही सापडले नाही. वर्षानुवर्षे अॅम्प्लिफायरसमोर उभे राहिलेल्या पुष्कळ रॉक संगीतकारांना कमी ऐकू येते, कानात सतत शिट्टी वाजत राहते, आणि ‘द हू’चे पीट टाउनशेंड यांनी तर याविषयी उघडपणे सांगितलेले आहे, त्यामुळे माझे प्रश्नही गायकांपर्यंत पोहोचले नसतील असे मानण्यास जागा आहे. दोघांनाही काहीही न ऐकू येता झालेली ती आमची सर्वांत मनमोकळी भेट होती.

कपडे बदलण्याच्या खोलीबाहेर थांबण्याचे प्रसंगही पुष्कळ येतात, आणि तेथे काही काम नसल्याने मी टेबलावरील खाद्यपदार्थांचे निरीक्षण करतो. यामागे अभ्यासू हेतू असतो. ‘व्हॅन हेलन’ या बँडने 1982 च्या दौऱ्याच्या करारात अशी अट घातली होती की मंचामागे एम अँड एम या रंगीत चॉकलेट गोळ्यांचा वाडगा असावा, पण त्यात तपकिरी रंगाची एकही गोळी दिसता कामा नये. आमच्या जमातीने हा किस्सा रॉक कलावंतांच्या माजाचा नमुना म्हणून वर्षानुवर्षे चघळला. नंतर गायक डेव्हिड ली रॉथ यांनी खुलासा केला की विजेच्या आणि वजनाच्या तांत्रिक अटींनी भरलेला तो जाडजूड करार आयोजकांनी नीट वाचला आहे की नाही, हे ओळखण्याची ती युक्ती होती. तपकिरी गोळी दिसली की सगळ्या मंचाची तपासणी पुन्हा करायची. तेव्हापासून कोणत्याही बँडच्या टेबलावर काही विक्षिप्त दिसले की त्यामागे गहन तांत्रिक कारण असणार, या श्रद्धेने मी त्याची नोंद करतो. आमच्या गायकांच्या टेबलावर एका विशिष्ट तापमानाचे पाणी, पांढरे मोजे आणि एक लहानसा आरसा असतो. विद्युत सुरक्षेशी त्यांचा संबंध मी अद्याप शोधतो आहे.

मुलाखत हातात पडली म्हणजे ती आपली झाली, असेही समजण्याचे कारण नाही. 1973 मध्ये कॅमरन क्रो हा अवघ्या सोळा वर्षांचा मुलगा ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी मासिकासाठी ‘ऑलमन ब्रदर्स’ बँडबरोबर दौऱ्यावर गेला, भरपूर बोलणे टेप करून घेतले, आणि शेवटी बँडचा गायक ग्रेग ऑलमन याला एकाएकी संशय आला की हा पोरगा पोलिसांचा माणूस असावा. त्याने सगळे टेप काढून घेतले. पुढे ते परत मिळाले आणि लेखही छापून आला, पण मधले दिवस त्या मुलाने कसे काढले असतील हे मला विचारावे. माझे टेप कोणी काढून घेतले नाहीत. माझ्या बाबतीत अधिक सुधारलेली पद्धत वापरली गेली : गायक एकदा रंगात येऊन आपल्या भीतीविषयी, मंचावर शब्द विसरण्याविषयी, पायाशी ठेवलेल्या पडद्यावर स्वतःच्याच गाण्यांचे शब्द वाचून गाण्याविषयी फार सुंदर बोलले, आणि दार उघडताना बाई गोड आवाजात म्हणाल्या, “हे अर्थात छापण्यासाठी नव्हते.” त्या ऐवजी दुसऱ्या दिवशी ई-मेलने गायकांची उत्तरे आली. त्यांत अल्बम सर्वांत प्रामाणिक होता.

कोणीही असे विचारील की ‘बीटल्स’ तरी काय निराळे होते? होते. फेब्रुवारी 1964 मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर पत्रकारांनी त्यांना केस कधी कापणार असे विचारले, तेव्हा जॉर्ज हॅरिसन शांतपणे म्हणाला की कालच कापले. असल्या मूर्ख प्रश्नाला असले उत्तर मिळत असेल तर पत्रकाराने आयुष्यभर मूर्ख प्रश्न विचारावेत. माझ्या यादीत केसांचा विषय वर्ज्य असल्यामुळे मला चांगले प्रश्न विचारावे लागतात आणि त्यांची उत्तरे मिळत नाहीत.

आता शेवटच्या मुलाखतीविषयी. त्याआधी हे सांगितले पाहिजे की या बँडच्या एका जुन्या अल्बमचे परीक्षण मी लिहिले होते. ते रात्री उशिरा लिहिले होते, छपाईची वेळ टळत चालली होती, आणि शब्दसंख्या भरत नव्हती म्हणून मी त्यात असे एक वाक्य घातले होते : “या गाण्यांतील शांतता म्हणजे आवाजाचा अभाव नव्हे, ती आवाजाची पूर्वतयारी आहे.” या वाक्याचा अर्थ मला तेव्हाही लागला नव्हता. बँडच्या प्रसिद्धी खात्याने मात्र ते उचलले, इतर भाषांत फिरवले, जाहिरातीत वापरले, आणि माझे नाव वाटेत कोठेतरी गळून पडले.

या वेळी गायक खरोखरच आले. वेळेवर आले, असे मी म्हणणार नाही, पण आले. बसले, पाणी प्यायले आणि बाईंना हाताने थांबायला सांगून म्हणाले की विचारा काय विचारायचे ते. मी वर्षानुवर्षे बाळगलेला प्रश्न विचारला : तुमच्या संगीताचा गाभा तुमच्या दृष्टीने नेमका काय आहे? गायकांनी चष्मा काढला. बराच वेळ ते गप्प राहिले. शेजारच्या खोलीत कोणीतरी न जोडलेली गिटार वाजवत होते. मग ते पुढे झुकून, आवाज खाली आणून, ही गोष्ट आपण आजवर कोणाशी नीट बोललो नाही अशा सुरात म्हणाले की आमच्या गाण्यांतील शांतता म्हणजे आवाजाचा अभाव नव्हे, ती आवाजाची पूर्वतयारी आहे.

आणि माझ्याकडे पाहून त्यांनी विचारले, “तुम्हाला याचा अर्थ कळतोय ना?”

मी कळतोय म्हणालो. मुलाखत लिहून दिली. संपादकांनी एरवीपेक्षा बरेच काही ठेवले, ड्रमरचा परिच्छेद नेहमीप्रमाणे गाळला, आणि गायकांच्या त्या वाक्यावर लाल रेघ मारून समासात लिहिले की हे तो सगळीकडे बोलत सुटला आहे, आपल्याला काहीतरी नवीन हवे.